मदत हवी आहे: हॉलच्या भिंतीला ओल, पुट्टी कोणती घेऊ? उद्या पेंटर येतोय

माधवी_सलाटवाडा
नमस्कार. हॉलच्या भिंतीचा खालचा भाग पुन्हा सोलून निघालाय. पांढरी पूड पडते, सोफ्याची पाठ रोज पुसावी लागते. दोनदा पुट्टी आणि दोनदा रंग करून झाला, दर वेळी दोन-तीन महिने बरं दिसतं आणि मग पुन्हा पोपडे. उद्या सकाळी पेंटर येतोय. तो म्हणतो वॉटरप्रूफ पुट्टी आणून ठेवा. दुकानदार तीन प्रकार दाखवतो. कुठली घेऊ एवढंच सांगा. अक्षय तृतीयेला घरात मुंज आहे, अडीच महिनेच उरलेत.

कारेलीबागकर
व्हाइट सिमेंटवाली घ्या, पीओपी अजिबात नको. आमच्याकडे पुट्टीच्या आधी इपॉक्सीचा हात मारला होता, दोन वर्षं झाली, काही नाही.

घरदुरुस्ती
ताई, भिंत बाहेरची की आतली? पलीकडे बाथरूम आहे का? ओल जमिनीपासून किती उंच? घर किती जुनं? एवढं कळल्याशिवाय पुट्टीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

माधवी_सलाटवाडा
भिंत गल्लीच्या बाजूची. बाथरूम मागे आहे, लांब. ओल साधारण कमरेपर्यंत. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षं तरी. आता सांगा कुठली पुट्टी?

मांजलपूर_गच्ची
गच्ची तपासा आधी! आमच्या घरी सगळे भिंतच बघत बसले आणि पाणी मुरत होतं गच्चीच्या चायना मोझॅकमधून. जुने तुकडे उखडून खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा नव्याने केला, उतार नीट काढला, तेव्हा सुटलो. पावसाळ्याआधीच करून घ्या.

घरदुरुस्ती
गच्चीचं पाणी वरून खाली येतं. यांच्याकडे ओल खालून कमरेपर्यंत आहे, वरची भिंत कोरडी. गच्चीचा संबंध नाही.

मांजलपूर_गच्ची
पाणी कुठूनही कुठेही जातं. आमच्याकडेही खालीच दिसत होतं.

निवृत्त_ओव्हरसियर
माधवीताई, मी पस्तीस वर्षं बांधकामावर काढली, म्हणून विचारतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी शिरलं होतं का?

माधवी_सलाटवाडा
अहो काका, ते तर गल्लीत सगळ्यांच्याच घरात होतं. जन्माष्टमीच्या दिवसांतच. आमच्याकडे सव्वातीन फूट, तीन दिवस. त्याला आता दीड वर्ष झालं. दिवाळीच्या आधी सगळं करून घेतलं होतं, जुना गिलावा पडला होता तिथे सिमेंटचा नवा, पुट्टी, प्लास्टिक पेंट.

निवृत्त_ओव्हरसियर
हे पहिल्या ओळीत हवं होतं. आपल्या बडोद्यात काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, त्या पाण्यात तुमची भिंत तीन दिवस उभी होती. भिंत किती जाड? जुन्या घरात दीड विटेची असते, १४ इंच. ओली भिंत उघडी ठेवली तर इंचाला महिना असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे १४ महिने. तुम्ही दोन महिन्यांत तिच्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवलात. पाणी आत कोंडलं गेलं. ते बाहेर पडताना विटेतले आणि पुराच्या गाळातले क्षार पृष्ठभागापर्यंत आणतं, तिथे पाणी उडतं आणि क्षारांचे खडे फुगून पुट्टी ढकलतात. सोफ्यावर पडणारी पांढरी पूड तीच, लोणा. बडोद्यात आपण लूणो म्हणतो. तिसऱ्या पुट्टीचीही हीच गत होईल, कंपनी कुठलीही असो.

चुनखडी
काकांशी सहमत. भिंत चुन्यात बांधलेली असणार. अशा भिंतीला श्वास घ्यायला चुन्याचाच गिलावा लागतो. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० चा आहे, त्या काळच्या बडोद्यातल्या बांधकामांत विटा आणि चुना एकमेकांना सांभाळतात. सिमेंट ओलाव्याची वाट बंद करतं, म्हणून ओल आणखी वर चढते.

कारेलीबागकर
राजवाड्याचं आणि आपल्या दोन खोल्यांचं काय? चुन्याचं काम करणारा कडिया, म्हणजे गवंडी, आज मिळतो तरी का? मिळाला तर सिमेंटच्या दुप्पट पैसे मागतो. इपॉक्सी मारा, मोकळे व्हा.

चुनखडी
ओल्या भिंतीवर इपॉक्सी म्हणजे भिजलेल्या कपड्यावर रेनकोट. तुमची भिंत कोरडी असेल म्हणून टिकलं.

कारेलीबागकर
माझ्या भिंतीबद्दल तुम्हाला काय माहीत?

अलकापुरी_सून
आम्ही सरळ साडेचार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या. दिसायला छान आणि पुसायला सोपं. मुंजीच्या आधी आठ दिवसांत होऊन जाईल.

घरदुरुस्ती
टाइल्स लावल्या की ओल टाइल्सच्या वर निघते. सहा महिन्यांनी साडेचार फुटांवर नवी रेघ दिसेल. माधवीताई, अजून दोन प्रश्न. गल्लीची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आहे की खाली? आणि पुरानंतर फरशी बदललीत का?

ईशान्य_कोपरा
भिंत कोणत्या दिशेची आहे ते कोणीच विचारलं नाही. ईशान्येला ओल असेल तर घरातल्या कर्त्या माणसाच्या तब्येतीवर परिणाम होतो. मुंजीआधी शांत करून घ्या.

माधवी_सलाटवाडा
दिशा पूर्व. गल्लीत चार वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हापासून ओट्याच्या दोन पायऱ्यांची एक झाली. आत-बाहेर किती फरक ते मोजलं नाही. फरशी हो, जुना कोटा दगड होता, चिखलाचे डाग जाईनात म्हणून त्याच्यावरच मोठ्या टाइल्स टाकल्या. पेंटरला काय सांगू ते सांगा ना कोणीतरी. तो उद्या नऊला येणार.

निवृत्त_ओव्हरसियर
पेंटरला सांगा, येऊ नको.

जमिनीतला ओलावा आधी कोट्याच्या सांध्यांतून थोडाथोडा निघून जायचा. चकचकीत टाइल्सनी ती वाट बंद केली, आता तो भिंतीकडे वळतो. बाहेर ब्लॉकमुळे जमीन वर आली, पावसाचं पाणी थेट विटेला लागतं. जुन्या घराला जोत्यावर डीपीसी नसते, म्हणजे ओल अडवणारा थरच नाही. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. पुराचं पाणी एकदा आलं, हे दर पावसाळ्यात येतं.

तरी माझं ऐकूनच काही करू नका, आधी बघा. प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा कोरड्या दिसणाऱ्या जागी चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूला थेंब आले तर ओल आतून येते, खोलीच्या बाजूला आले तर हवेतली. टाकीही तपासा. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याची पातळी खुणेने लिहून ठेवा, सकाळी कमी झाली तर एखादी पाइप गळतेय.

वायरमन_बाजवा
एक महत्त्वाचं कोणी विचारलं नाही. त्या भिंतीवर खालचे बोर्ड आहेत का? हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

माधवी_सलाटवाडा
टीव्हीचा बोर्ड आहे. फ्रिजच्या दाराला कधी कधी लागतं, पण तो दुसऱ्या भिंतीला आहे, म्हणून लिहिलं नाही.

वायरमन_बाजवा
आजच त्या दोन्ही बोर्डांचे एमसीबी पाडा. पुराचं पाणी बोर्डांच्या पेटीत आणि कंड्युइटमध्ये राहतं. तार गंजते आणि ओल्या भिंतीतून करंट गळतो. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, नसेल तर बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या. मुंजीला लहान मुलं घरभर हात लावत फिरतील. रंग नंतर.

माधवी_सलाटवाडा
पाडले. धन्यवाद, हे खरंच डोक्यात नव्हतं.

इंदूर_राजवाडा
आमच्या इंदूरच्या घरात भोकं पाडून औषध भरलं होतं. जमिनीपासून सहा इंचांवर, विटांच्या सांध्यात, चार-चार इंचांवर १२ मिलिमीटरची भोकं, त्यात सिलेनची क्रीम. ते डीपीसीसारखं काम करतं. त्यानंतर खालून चढणारी ओल थांबली.

चुनखडी
थांबली हे बरोबर, पण आधीचे क्षार भिंतीतच राहतात आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतात. त्यामुळे खराब गिलावा काढावाच लागतो. आणि बाहेर ब्लॉक तसेच असतील तर क्रीमच्या वरून ओल आत येणारच. आधी बाहेरचं काम, मग क्रीम लागलीच तर.

इंदूर_राजवाडा
आमच्याकडे गिलावाही काढला होता, ते लिहायचं राहिलं.

माधवी_सलाटवाडा
(चार दिवसांनी) पेंटरला नको सांगितलं, तो रागावला. प्लास्टिक लावलं होतं, भिंतीच्या बाजूला थेंब. टाकीची पातळी हलली नाही. बाहेर मोजलं, ब्लॉक आतल्या फरशीपेक्षा दोन इंच वर निघाले. मला विश्वासच बसला नाही, दोनदा मोजलं. आपला ओटा कसा झाला ते रोज बघत होते आणि कळलं नाही.

काल कडियाने पाच फुटांपर्यंत सिमेंट काढलं. विटा काळपट आणि चक्क थंड लागतात, सांध्यात चुनाच आहे. कुबट वास येतो, पण दोन खिडक्या उघड्या ठेवल्यावर आज कमी आहे. आता काय करू? भिंत पाण्याने धुऊन घेऊ का?

निवृत्त_ओव्हरसियर
अजिबात धुऊ नका. पाणी लागलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ताठ ब्रशने झाडा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, पूड घराबाहेर टाका. नाकाला फडकं बांधा. दर आठवड्याला पूड येईल, दर आठवड्याला झाडा. तिचं प्रमाण कमी होत जाईल, ते लिहून ठेवा.

बाहेर भिंतीलगतचे ब्लॉक एक फूट रुंदीत काढून तिथे चर खणा, तळ आतल्या फरशीच्या पातळीपेक्षा सहा-आठ इंच खाली जाईल इतका. तळाला गटाराकडे उतार देऊन खडी भरा. गल्लीतली जागा आहे तर आधी परवानगी विचारा, रीतसर अर्ज द्या.

चुनखडी
पुढच्या दिवाळीपर्यंत विटा उघड्या ठेवा. मग चुना आणि वाळू, एकाला तीन. अर्धी वाळू काढून सुरखी, म्हणजे विटांची पूड, घातलीत तर उत्तम. आमच्या आजीच्या घरी चुन्यात गूळ आणि मेथीचं पाणी घालत. वर चुनाच लावा, प्लास्टिक पेंट नको. आणि कळीचा चुना घरी विझवायचा असेल तर मुलांना लांब ठेवा, पाणी टाकल्यावर तो उकळून उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. जमत नसेल तर विझवलेला चुनाच आणा.

कारेलीबागकर
दिवाळीपर्यंत? आणि मुंजीला पाहुणे येणार ते उघड्या विटा बघणार?

माधवी_सलाटवाडा
तोच प्रश्न माझा. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नात तर ह्या घराला गिलावाच नव्हता, नुसता चुना फासलेला होता." त्यांनीच सुचवलं की त्या बाजूला मांडवाचं कापड लावू. कापड भिंतीला टेकलं तर चालेल?

घरदुरुस्ती
टेकवू नका. भिंतीपासून निदान सहा इंच सोडून लोखंडी पाइपवर लावा आणि खाली जमिनीपासून थोडं वर ठेवा, म्हणजे मागून हवा फिरेल. मुंज झाली की लगेच काढा.

माधवी_सलाटवाडा
ठीक. मांडववाल्याला तसंच सांगते. चर उद्यापासून खणायला घेतोय, परवानगीचा अर्ज आजच दिला. किती खोलीवर खडी भरली ते लिहीन.