मोठ्या नकाशांसाठी लॅमिनेशन मशीन कोणती घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझं धानोरा तालुक्यात (गडचिरोली) झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. ए-थ्रीची पाऊच मशीन आहे, दाखले-मार्कशीट तिच्यात आरामात होते. पण आता ग्रामसभावाले वनहक्काचे नकाशे घेऊन येऊन राहिले. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, मग आजूबाजूच्या बऱ्याच गावांना मिळाला, म्हणजे हे काम वाढतच जाणार.

नकाशा ए-वन असते, ५९४ बाय ८४१ मिमी. प्लॉटरवर (मोठे नकाशे छापायचा प्रिंटर) काढलेला, साधा कागद. लोक तो घडी करून पिशवीत घालतात, तेंदूच्या फळीवर (तेंदूपाने गोळा करतात ती जागा) नेतात, जंगलात हद्द पाहायला नेतात. परवा एक काका घेऊन आले तर घडीवरच कागद फाटून जंगलाच्या भागाचा कक्ष क्रमांक आणि नाल्याची रेघ दोन्ही गायब. त्याच नकाशावर ते वनखात्याशी बोलतात ना, मग असा कसा चालेल? चार तुकडे कापून ए-थ्री पाऊचमध्ये घालून टेपने जोडता येते, पण नेमकी हद्द जोडावर येते आणि टेपमधून पाणी शिरते. मले ते पटत नाही.

दुकानदार म्हणते २५ इंची गरम रोलवाली घे, दुसरा म्हणते कोल्ड घे. इकडे लाईटचा भरवसा नाही, पावसाळ्यात तर बिलकुलच नाही. काय घ्यावं? आणि एका ग्रामसभेला मूळ हक्कपत्रपण लॅमिनेट करून पाहिजे, करू का?

प्रतिसाद १
भाऊ, मूळ हक्कपत्र अजिबात करू नका!! सही-शिक्का असलेला कागद एकदा गरम फिल्ममध्ये गेला की सुखरूप निघत नाही. स्कॅन करा, रंगीत प्रत काढून ती लॅमिनेट करून द्या, मूळ कागद पॉलिएस्टरच्या उघड्या कव्हरमध्ये ठेवायला सांगा, पीव्हीसीच्या नको.

आता मशीन. आधी प्लॉटरवाल्याला विचारा शाई कोणती, बहुतेक इंकजेटच असणार. इंकजेटवर गरम रोल कधी छान बसते, कधी ओलाव्याने बुडबुडे येतात, पावसाळ्यात कागद दमट असते तेव्हा जास्तच. कोल्डमध्ये ती भानगड नाही, गोंद दाबानेच चिकटते, फक्त प्रिंट एक दिवस चांगली वाळू द्या. हाताने फिरवायची कोल्ड मशीन मिळते, तिला लाईटच लागत नाही. पण ती बहुतेक एका वेळी एकच बाजू करते, पाणी थांबवायचं तर पालटून दुसरी बाजूपण करा आणि चारही कडांना फिल्म कागदाच्या बाहेर ठेवा, कापताना अर्धा इंच तरी राहू द्या.

लेझर प्रिंट असेल आणि शाळेचे तक्ते-पोस्टर रोज येत असतील तर गरम रोल घ्या, दोन्ही बाजू एकाच वेळी होते. २५ इंच म्हणजे ६३५ मिमी, ए-वनची रुंदी ५९४, दोन्हीकडे साधारण २० मिमी शिल्लक राहते. ए-झिरो (८४१ रुंद) तिच्यात जाणार नाही, त्याला ३९ इंची लागते. आणि रोलर वर उचलायचा खटका आहे का ते पाहूनच घ्या. काम चालू असताना लाईट गेली तर नकाशा गरम रोलरमध्ये अडकून राहते.

प्रतिसाद २
वरच्या दादांना अनुमोदन. जंगलात न्यायचा असेल तर जाड फिल्म नको, १२५ मायक्रॉनची दोन्हीकडून लावली की गुंडाळताना कडक होते. ७५ ची गुंडाळून नळकांड्यात घालता येते. भिंतीवर लावायला जाड चालते. आणि घडी मात्र कुणालाच करू देऊ नका, घडीवर फिल्म सुटते.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे. प्लॉटरवाल्याला फोन केला, इंकजेटच आहे. म्हणजे २५ इंची हातवाली कोल्ड बघतो, हक्कपत्राचं ग्रामसभेला समजावून सांगतो. एकच राहिलं, कोल्ड फिल्मचा मागचा कागद सोलताना पहिल्या काठाला सुरकुती येते असं ऐकलं, ए-वन एकट्याने घालता येते का दोन माणसं लागतात? आणि नागपुरात कोणी वापरत असेल तर घ्यायच्या आधी एकदा चालवून पाहायला येऊ शकतो का, आमचा एक नकाशा सोबत आणतो.