मुगाला थंडीभर काही नाही आणि मार्चमध्ये भुंगेच भुंगे, असं का होतं?

वऱ्हाडी_ठेचा: नमस्कार मंडळी. दिवाळीत गावाहून घरचे मूग आणले, नागपूरला स्टीलच्या डब्यात भरून ठेवले. संक्रांतीपर्यंत एकदम स्वच्छ होते. आता उघडला तर दाण्यांना गोल गोल भोकं आणि तपकिरी भुंगे झाकणापर्यंत चढलेले. डबा घट्ट होता हो, मग आले कुठून? सासूबाई म्हणतात गरमीनं होतात. नुसत्या गरमीनं किडा पैदा होतो का? आणि उरलेले फ्रिजमध्ये टाकले तर भागेल का?

कोठारवाला: ताई, ते मुगासोबत गावाहूनच आले. भुंगा शेतात शेंगांवरच अंडी घालायला लागतो. दाणा उजेडात धरून बघा, खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसेल, नखानं खरवडला तरी सहज निघत नाही, ते अंडं. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात घुसते, आतच खाते, कोषही आतच, त्यामुळे बाहेरून मूग चांगलाच दिसतो. आणि सासूबाईंचं अगदीच चूक नाही बरं का, ३० डिग्रीला अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण साडेतीन-चार आठवडे लागतात, २५ ला पाचेक आठवडे, २० ला दोन-तीन महिने, आणि १५ च्या खाली वाढ जवळजवळ ठप्प. म्हणजे थंडीत ते डब्यात होतेच, रेंगाळत होते. त्यात एकेक मादी ७०-८० अंडी सहज घालते, मग बघायलाच नको.

शंकासूर: मग नागपूरच्या मे महिन्यात ४५ ला मरायला पाहिजेत ना सगळे? 😄

कोठारवाला: ४५ बाहेर हो, सावलीतल्या फळीवरच्या डब्यात ३२-३५, म्हणजे त्यांची चंगळच. मारायचे तर दाणाच ५५-५७ पर्यंत तापून तासभर तसा राहिला पाहिजे, मग अंडी-अळ्यांसकट खलास. गच्चीवर काळं कापड, त्यावर मुगाचा पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबायच्या. आफ्रिकेत चवळी अशीच तापवतात. नुसतं ताटात ऊन दाखवलं की भुंगे पळतात आणि आतल्या अळ्या तशाच राहतात.

पुणेरी_आजी: आम्ही एरंडेल चोळून ठेवतो, वर्षभर भुंगा नाही. पण ते आधीच करायचं, किडल्यावर नव्हे.

लोणचंपापड: फ्रिजचं कोणी बोललंच नाही. साध्या फ्रिजमध्ये वाढ थांबते पण सगळे लवकर मरत नाहीत, त्यामुळे चार दिवसांनी काढले की पुन्हा सुरू. डीप फ्रीजरला, उणे १८ ला, आठवडाभर ठेवा, एकच गच्च पिशवी नको, लहान लहान पुड्या करा म्हणजे मधले दाणेही गार होतात. काढल्यावर लगेच उघडू नका, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं. मूग कोरडे असतील तर नंतर मोडही येतात.

वऱ्हाडी_ठेचा: वा, धन्यवाद! भोकं पडलेल्यांचं काय करू?

लोणचंपापड: पाण्यात टाका, पोकळ झालेले वर तरंगतात, ते काढून टाका. अर्धेअधिक तरंगले तर मात्र सरळ कोंबड्यांना घाला.