ईएलडी इंजिन मोजतं, ड्रायव्हरचे डोळे नाही

अठराचाकी (मूळ धागा)

गेल्या महिन्यात हायवेच्या वजनकाट्यावर, जिथे तपासणी होते, माझ्या नावावर 'खोटा लॉग' चढला. लॉग म्हणजे ड्रायव्हरच्या कामाच्या आणि झोपेच्या तासांची नोंद. अकरा वर्षं अमेरिकेत ट्रक चालवतोय, हा पहिलाच. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम आधी सांगतो. सलग १० तास विश्रांती झाली की १४ तासांचं घड्याळ सुरू होतं. त्यात स्टिअरिंगवर फक्त ११ तास. ८ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड, आणि ८ दिवसांत मिळून ७० तास कामाचे. यातलं सगळ्यात वाईट ते १४ चं घड्याळ. तुम्ही जेवा, रांगेत थांबा, शिपरच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या, दारात माश्या मारा, ते चालूच. डिसेंबर २०१७ पासून याची नोंद ईएलडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, ठेवतं. इंजिनाला जोडलेला एक डबा, समोर टॅबलेट. गाडी ताशी ५ मैलांच्या वर सरकली की झालं 'ड्रायव्हिंग' सुरू.

त्या दिवशी सकाळी ६ ला निघालो. दुपारी साडेबाराला एका कोल्ड स्टोरेजच्या गेटवर. अपॉइंटमेंट १ ची. डॉक, म्हणजे ट्रेलर लावून माल भरायची जागा, मिळाला, तीन तासांनी काढून घेतला, दुसरा दिला, तिथून परत तिसरा. माल भरून कागद हातात आले तेव्हा रात्रीचे ८:४० झालेले. माझे १४ तास ८ लाच संपले होते. गेटवरचा वॉचमन म्हणाला, इथे रात्री उभं राहता येणार नाही.

अशा वेळी लॉगवर पर्सनल कन्व्हेयन्स (पीसी, कामाबाहेरचा खासगी प्रवास) लावून झोपायला जागा शोधायची मुभा आहे. अट एवढीच की वाटेतली पहिली सोयीची जागा घ्यायची. ९ मैलांवरचा ट्रक स्टॉप भरलेला. १७ मैलांवरचा भरून रॅम्पच्या कडेलाही गाड्या लागलेल्या. ३८ मैलांवर जागा मिळाली. १० तास झोपलो आणि सकाळी काट्यावर आत बोलावलं.

ऑफिसरने एक कोड सांगितला, मी तो टॅबलेटमध्ये टाकून फाइल पाठवली. त्याने आपल्या लॅपटॉपवर ती उघडली आणि थेट रात्री ८:४० वर बोट ठेवलं.
"आधीचे दोन का सोडले?"
"भरले होते."
"आत जाऊन पाहिलं?"
"रॅम्पवरूनच दिसत होतं."
"आणि तिसरा तुझ्या डिलिव्हरीच्या दिशेने आहे."
आता ट्रक स्टॉप डिलिव्हरीच्या दिशेने असेल तर मी काय उलट्या दिशेने जाऊन झोपू? पण पीसी खोडून ते ड्रायव्हिंग धरलं, म्हणजे १४ च्या बाहेरचं, म्हणजे लॉग खोटा. माणूस उद्धट नव्हता. फक्त अर्ध्या तासात माझ्या तोंडाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. सगळं लक्ष लॅपटॉपमध्ये.

माझं म्हणणं: ११ तास ठेवा, १० ची झोप ठेवा, पण १४ चं घड्याळ ड्रायव्हरला थांबवता आलं पाहिजे. शिपर सात तास खातो आणि दंड झोपायला जागा शोधणाऱ्याला.

हिशेबनीस

मी इलिनॉयमध्ये एका ट्रकिंग कंपनीच्या सेफ्टी खात्यात आहे, दिवसभर असलेच लॉग बघतो. तेव्हा दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण सरळ बोलतो.

कागदी वहीचे दिवस आठवतात ना? चार आडव्या ओळी: सुट्टी, स्लीपर (केबिनमागचा झोपायचा बर्थ), ड्रायव्हिंग, काम. त्यावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुणा आणि पट्टीने ओढलेली रेघ. ड्रायव्हर लोक स्वतःच त्याला 'कॉमिक बुक' म्हणायचे. दोन वह्या ठेवणारे होते. सुटी पानं वापरून तीन दिवसांचा लॉग काट्याच्या दोन मैल आधी बसून लिहिणारे होते. आणि डिस्पॅचर, कंपनीत बसून लोड वाटणारा, फोनवर काय म्हणायचा? "वही जुळवून घे रे, माल सकाळी पोचला पाहिजे." नाही म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात चांगला लोड मिळत नसे. आज ड्रायव्हर म्हणतो "माझे तास संपले", आणि डिस्पॅचरच्या स्क्रीनवरही तेच दिसतं. वाद संपला. ईएलडी ही ड्रायव्हरची ढाल आहे.

घड्याळ थांबवायची मुभा म्हणता, ती २०१९ च्या मसुद्यात होती. अर्धा ते तीन तास. २०२० च्या अंतिम नियमातून काढली. का? कारण ते बटण तुमच्या हातात राहिलंच नसतं. शिपर म्हणाला असता, "थांबव की घड्याळ, काय घाई आहे." आज तुमचे सात तास फुकट गेले, उद्या ते फुकट जाणं कायदेशीर झालं असतं.

आणि एक. त्या दिवशी तुम्हाला पीसीची गरजच नव्हती. डॉकवरचा पहिला सलग तुकडा तीन तासांच्या वर होता ना? तो सुट्टी किंवा स्लीपर म्हणून टाकला असता आणि रात्री सलग ७ तास स्लीपरमध्ये काढले असते, तर दोन्ही मिळून १० भरतात. ते तीन तास १४ मधून वजा. रात्री अकरापर्यंत तुम्ही नियमात चालवू शकत होता, आणि स्टिअरिंगचे निदान साडेचार तासही शिल्लक होते.

अठराचाकी

हिशेबनीस, हिशेब बरोबर आहे. ३ तास १० मिनिटांचा तुकडा होता. मान्य.

पण त्या तीन तासांत मी काय केलं ते टॅबलेटला कुठे माहीत? डॉकवर ट्रेलरला लाल-हिरवा दिवा असतो, तो आरशातून बघत बसायचं. फोर्कलिफ्ट आत शिरली की अख्खी केबिन हलते. दर वीस मिनिटांनी खिडकीवर जाऊन विचारायचं, "अजून किती?" झोप? डोळा लागला आणि दिवा हिरवा झाला तर नंबर जातो. नंबर जाऊ नये म्हणून जागा असलेला माणूस 'सुट्टीवर' कसा?

तुमच्या हिशेबाने मी रात्री अकरापर्यंत ४० टनी गाडी चालवायची होती. सकाळी पाचला उठलेला, दिवसभर आरशात बघत बसलेला. ते कायदेशीर. आणि थकलोय म्हणून ३८ मैल जाऊन झोपलो ते बेकायदेशीर. हेच तर मी म्हणतोय.

हिशेबनीस

थकलात तर चालवायचं नाही, हाही नियमच आहे. तास शिल्लक असोत वा नसोत.

अठराचाकी

आहे. त्याचा कॉलम टॅबलेटवर दाखवा.

मेलबर्नकर

तुम्हा अमेरिकावाल्यांचं भांडण वाचून गंमत वाटतेय, कारण आम्ही अजून हाताने लिहितो. ऑस्ट्रेलियात १२ टनांच्या वरची गाडी आणि तळापासून १०० किलोमीटरच्या बाहेर काम असेल तर वर्क डायरी लागते. कार्बन कॉपीची पुस्तिका. इलेक्ट्रॉनिक डायरी २०२० च्या अखेरीपासून आहे, पण ऐच्छिक.

आमचे नियम वेगळ्या तऱ्हेचे. २४ तासांत १२ तास काम, ७ तास सलग विश्रांती, तीही गाडी उभी असताना. साडेपाच तासांत एकदा तरी १५ मिनिटांची विश्रांती. आणि इथे 'काम' म्हणजे नुसतं स्टिअरिंग नाही. माल भरणं, साफसफाई, सगळं कामात. मोजताना काम वरच्या पावतासाला ओढायचं, विश्रांती खालच्या. म्हणजे १४ मिनिटं थांबलात तर विश्रांती शून्य!

तपासणीचा त्रास इथेही आहेच. माझ्या रूममेटला दंड झाला, चूक काय तर पानावर तारीख लिहायची राहिली. तो पूर्ण झोपलेला, ताजातवाना होता. पण अठराचाकींच्या बाजूनेही एक सांगतो: हातातलं पेन माझं आहे, त्यामुळे ऑफिसर आधी माझ्याशी बोलतो, मग वहीशी. कुठून आलास, जेवलास का, रात्री कुठे झोपलास. उत्तरं आणि वही जुळतात का ते बघतो. त्यात त्याला माझे डोळे दिसतातच.

नगरी मालक

माझ्या तीन गाड्या आहेत, कांदा आणि साखर. तुम्ही लोक सुखी आहात, वही आहे म्हणून भांडता तरी.

१९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता. मोटार वाहन कायद्याचं ९१ कलम त्याकडेच बोट दाखवत होतं. पण तो लागू कोणाला, तर पाच किंवा जास्त कामगार असलेल्याला. आपल्याकडचे बहुतेक मालक माझ्यासारखे, दोन-तीन गाड्यांचे. २०२१ मध्ये गडकरी साहेब म्हणाले होते, वैमानिकांसारखे ट्रकवाल्यांचेही तास ठरवा. छान वाटलं ऐकायला. आमच्या गाडीला रस्त्यात हात दाखवणारा लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी, ओव्हरलोड बघतो. किती वाजता झोपलास, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

आणि खरं सांगतो, मीही विचारत नाही. लासलगावातून भरलेली गाडी दिल्लीत सकाळच्या लिलावाला पोचली नाही तर भाव मला कोण देणार?

हिशेबनीस

नगरी भाऊ, तुम्ही मला हवं ते उदाहरण आयतं दिलंत. नोंद नसली की काय होतं ते हे.

नगरी मालक

तुमचं उदाहरण व्हायला मी लिहिलं नव्हतं. जीपीएस आहे की माझ्या गाड्यांत. ड्रायव्हर कुठे थांबला ते मिनिटामिनिटाला दिसतं. त्याचा उपयोग काय होतो? "इतका वेळ ढाब्यावर काय करत होतास" हे विचारायला. यंत्र कोणाच्या हातात आहे त्यावर असतं सगळं.

कारवाली

मी ट्रक चालवत नाही, पण ओहायोतून रोज त्यांच्यामधून गाडी काढते. मला ड्रायव्हरचं दुःख कळतं, पण १४ तास मोडू नका हो. तुम्ही थांबवलेलं घड्याळ मला मागून येणाऱ्या ट्रकच्या कपाळावर दिसत नाही.

अठराचाकी

ताई, तुमची भीती रास्त आहे. पण एक बाजू ऐका. ईएलडी सक्तीनंतर अमेरिकी संशोधकांनी आकडे तपासले. तासांचे नियम मोडणं घटलं, हे खरं. अपघात मात्र त्यामुळे घटलेले दिसले नाहीत, आणि छोट्या कंपन्यांच्या गाड्यांना वेग मर्यादा मोडल्याच्या नोंदी वाढल्या. का? घड्याळ पळतंय, पैसा मैलावर मिळतो, आणि ओव्हरटाइमच्या कायद्यातून ट्रकवाले १९३८ पासून वगळलेले. डॉकवर गेलेले तास मग रस्त्यावर भरून काढतात. तुमच्या मागे ज्या वेगाने येतो तो त्या घड्याळामुळेच येतो.

जागेचं म्हणाल तर २००९ मध्ये एक ड्रायव्हर माल उतरवायला लवकर पोचला, आत घेईनात म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला आणि तिथे लुटारूने त्याला गोळी घातली. त्याच्या नावाने २०१२ मध्ये 'जेसन्स लॉ' झाला, पार्किंगसाठी. आणि मी अजूनही रात्री तिसरा ट्रक स्टॉप शोधतोय.

हिशेबनीस

वेगाचा मुद्दा मान्य, तो अभ्यास मीही वाचलाय. पण त्यावर औषध शिपरकडून डिटेन्शनचे, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे, पैसे वसूल करणं आहे, घड्याळ सैल करणं नाही. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

तुमच्या ठपक्याचं मात्र बघू या. तो कंपनीच्या खात्यावर दोन वर्षं आणि तुमच्या पीएसपीवर, म्हणजे नोकरी देणारे बघतात त्या ड्रायव्हरच्या सरकारी रेकॉर्डवर, तीन वर्षं राहील, पुढची नोकरी शोधताना दिसेल. डेटाक्यूजवर, म्हणजे अशा नोंदींवर हरकत घ्यायच्या सरकारी साइटवर, हरकत घेतलीत का? पीसी लावताना टॅबलेटवर शेरा टाकला होता का, "शिपरने गाडी उभी करू दिली नाही, पहिले दोन ट्रक स्टॉप भरलेले" असा? नसेल तर इथून पुढे न चुकता टाका. ऑफिसर आधी तोच वाचतो.

अठराचाकी

शेरा "पार्किंग" एवढाच टाकला होता. थकलो होतो. हरकत अजून घेतलेली नाही. पुरावा काय लावू? वॉचमन काय लिहून देणार थोडाच.

हिशेबनीस

गेटमधून बाहेर पडताना जी स्लिप मिळाली त्यावर वेळ छापलेली असते. बिल ऑफ लेडिंगवर (मालाच्या कागदावर) आत-बाहेरच्या वेळा घेतल्या असतील तर उत्तम. डिस्पॅचला त्या रात्री मेसेज केला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट. कंपनीने हे कागद सहा महिने ठेवायचे असतात, तेव्हा उद्याच फोन करा. आणि ९ मैलांवरच्या त्या ट्रक स्टॉपचं पार्किंगचं अॅप असेल तर त्या रात्री 'फुल' दाखवत होतं का, तेही विचारून बघा.

अठराचाकी

गेटची स्लिप आहे. सन व्हायझरला अडकवलेली. ८:४६.