इनझॉय घ्यावा का? घरं बांधणाऱ्या आणि पिढ्या चालवणाऱ्या खेळाडूचा प्रश्न

चौसोपी

सिम्स ४ हा (पात्रांचं आयुष्य आणि घरं चालवण्याचा संगणक खेळ) माझा मुख्य खेळ. निम्म्याहून जास्त वेळ घरं बांधण्यात जातो, उरलेला एकच कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेण्यात. वय वाढणं चालू, मृत्यू चालू, पात्रांना शक्यतो त्यांच्या मनाने वागू देते. नोकरीतल्या बढत्या, कौशल्यांच्या पायऱ्या, चॅलेंज यांत मन रमत नाही.

आता त्याच धाटणीचा नवा खेळ, इनझॉय, घ्यायचा विचार आहे. ट्रेलरमध्ये तो फारच देखणा दिसतो, पण देखणेपणावरून तो आपल्याला किती महिने धरून ठेवेल हे कळत नाही. जाणकारांनी सांगावं: बांधकाम सिम्सपेक्षा खरंच मोकळं आहे का? पिढ्यांचा खेळ त्यात उभा राहतो का? आणि विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत हे सगळं तपासायचं कसं? लॅपटॉपवर आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आहे, १६ जीबी रॅम, एसएसडीवर भरपूर जागा.

नकाशेवाली

बांधकामापुरतं उत्तर देते, कारण तुमचा निम्मा वेळ तिथेच जातो.

सिम्स ४ मध्ये बांधणाऱ्याला सगळ्यात जास्त खुपतं ते रंगांचं. सोफ्याला कंपनीने जे आठ-दहा रंग दिले तेवढेच, भिंतीच्या लाकडाशी दाराचं लाकूड जुळत नाही ते नाहीच. सिम्स ३ मधली कुठल्याही वस्तूला हवा तो रंग आणि नक्षी देण्याची सोय चौथ्या भागात काढून टाकली गेली. इनझॉयमध्ये ती मोकळीक परत मिळते: वस्तूचा रंग थेट पॅलेटवरून निवडता येतो, पृष्ठभागाचा पोत बदलता येतो, शब्दांत वर्णन लिहून नवी नक्षी तयार करून घेता येते. फोटोवरून त्रिमितीय वस्तू बनवणारा थ्रीडी प्रिंटरही आहे. त्यातून निघणारी चीज मात्र शोभेची. फोटोतल्या शेगडीवर स्वयंपाक होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरी बाजू कॅटलॉगची. सिम्स ४ सप्टेंबर २०१४ मध्ये आला आणि तेव्हापासून त्यात पॅकमागून पॅक (वेगळी विकली जाणारी भर) येत गेले. इनझॉयचा अर्ली ॲक्सेस (पूर्ण होण्याआधीच विक्रीला ठेवलेली आवृत्ती) २८ मार्च २०२५ ला सुरू झाला. म्हणजे रंगांचं स्वातंत्र्य अफाट, पण मूळ आकार मोजके. तुम्ही विशिष्ट काळातलं घर बांधत असाल, जुनी खिडकी, कोरीव खांब, उतरत्या छपराचे बारकावे, तर आधी अडचण आकारांची येते, रंगांची नंतर.

म्हणून तपासताना नवं घर बांधायला घेऊ नका. नव्या घरात माणूस आपोआप त्या खेळाला जमेल तसंच बांधतो आणि सगळं छान वाटतं. सिम्समधलं आपलंच एक छोटं, दुमजली, थोडं वाकडंतिकडं घर निवडा. एल आकार, मधोमध वळणारा जिना, दोन वेगळ्या उंचीची छपरं. कागदावर चौकटी मोजून घ्या आणि तेच घर इनझॉयमध्ये उभं करा. पाऊण तासाच्या वर वेळ देऊ नका. जिन्याच्या डोक्यावरचा स्लॅब, छपरांचा सांधा आणि कोपऱ्यातलं फर्निचर, हात अडखळतो तो याच तीन ठिकाणी. शेवटी पात्राला आत सोडा आणि वरच्या मजल्यावरच्या पलंगापर्यंत जायला सांगा. फोटोत सुरेख दिसणारं घर चालायला बंद असू शकतं, आणि ते कळायला एवढी एक आज्ञा पुरते.

तापलेलं_कार्ड

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याआधी लॅपटॉपचं बघू.

इनझॉय अनरियल इंजिन ५ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. किमान गरज आरटीएक्स २०६०, ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि १२ जीबी रॅम. शिफारस आरटीएक्स ३०७०, ८ जीबी व्हीरॅम, १६ जीबी रॅम. तुमची रॅम पुरेशी आहे. अडचण कार्डाची. ३०५० हा आकडा २०६० पेक्षा मोठा दिसतो म्हणून कार्ड वरचं ठरत नाही: पहिले दोन आकडे कार्डाची पिढी सांगतात, शेवटचे दोन त्याची पायरी. त्यातही लॅपटॉपमधलं कार्ड त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डापेक्षा कमी ताकदीचं असतं, कारण त्याला वीज कमी मिळते.

लॅपटॉपच्या बहुतेक ३०५० मध्ये व्हीरॅम ४ जीबीच असते, काहींत ६. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि खाली डेडिकेटेड मेमरीचा आकडा बघा. शेजारी शेअर्ड मेमरी म्हणून मोठा आकडा दिसेल, तो मोजायचा नाही. ती तुमचीच साधी रॅम असते. व्हीरॅम भरली की टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) तिकडे सांडतात, आणि तिथून कार्डापर्यंत माल यायला इतका वेळ लागतो की सरासरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ठीक दिसूनही कॅमेरा वळवताना गचके बसतात. बांधकाम करणाऱ्याला हे सगळ्यात त्रासदायक, कारण तुमचा कॅमेरा सतत फिरत असतो.

४ जीबी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: या लॅपटॉपसाठी घेऊ नका. ६ असेल तर टेक्स्चर सगळ्यात खाली, रे ट्रेसिंग (प्रकाशाचं जड गणित) बंद, डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी सोय) परफॉर्मन्सवर, फ्रेम ३० वर बांधून चालवून बघा. फक्त रेझोल्यूशन कमी करून भागेल असं समजू नका. त्याने कार्डाच्या गणिताचं ओझं उतरतं, टेक्स्चरनी अडवलेली जागा फारशी मोकळी होत नाही.

रिकाम्या प्लॉटवर मोजलेल्या वेगावर विसंबू नका. सगळ्यात वर्दळीच्या चौकात, संध्याकाळी, पाऊस लावून मोजा. आणि मोजायच्या आधी वीस मिनिटं खेळ चालू राहू द्या. लॅपटॉप गार असतानाचा वेग आणि तापल्यावरचा वेग यांत बराच फरक पडतो.

वंशावळ

पिढ्यांबद्दल.

इनझॉयमध्ये शहर एकसंध आहे. घरातून निघून रस्त्यावर, तिथून दुकानात, मध्ये लोडिंग नाही. सिम्स ४ मध्ये प्रत्येक प्लॉटला लोडिंग लागतं. तुमच्यासारख्या, पात्रांना मोकळं सोडून बघत बसणाऱ्या खेळाडूला हा बदल नक्की आवडेल. कर्माची व्यवस्थाही आहे: पात्राच्या बऱ्यावाईट वागण्याची नोंद राहते, वाईट कर्म साठवून मेलेलं पात्र भूत होऊन उरतं, आणि शहरात भुतं फार झाली तर नवे जन्म अडतात. वंश चालवणाऱ्याला हे थेट भिडतं. स्वतःचं घराणं कितीही नीट चालवा, शहराची अवस्था तुमच्या पाळण्यापर्यंत येते.

आता कमी कुठे पडतं ते. सिम्स ४ मध्ये प्रौढ पात्राला तीन स्वभावगुण आणि वर एक आकांक्षा. इनझॉयमध्ये १८ ठरीव व्यक्तिमत्त्वांपैकी एक. पहिल्या पिढीत हे जाणवत नाही. चौथ्या पिढीत मात्र पणजीचा स्वभाव आणि पणतीचा स्वभाव एकाच साच्यातला निघायची शक्यता बरीच वाढते. शिवाय पिढ्यांचा खेळ उभा राहतो तो आठवणींवर: मेलेल्या माणसाचं जिवंतांच्या वागण्यात काही उरतं का, भावंडांचं वैर मुलांच्या पिढीत झिरपतं का. सिम्स ४ मध्येही हे थर सगळे पहिल्या दिवसापासून नव्हते. पॅक आणि मोफत अपडेटमधून ते वर्षानुवर्षं चढत गेले. नव्या खेळाकडे तेवढी वर्षं अजून नाहीत.

दोन तासांत एक पिढीसुद्धा होत नाही, म्हणून असं करा. तीन पिढ्यांचं कुटुंब सुरुवातीलाच बनवा: आजी, आईवडील, एक मूल. कुटुंबात ८ जणांपर्यंत जागा आहे, पण चार पुरेत. आयुर्मानाची सेटिंग सगळ्यात छोटी ठेवा आणि पात्रांची स्वायत्तता पूर्ण चालू. मग हात मागे घ्या आणि एक पूर्ण दिवस वेग वाढवून फक्त बघा. आजी नातवाशी आपणहून बोलते का? जेवायला माणसं एकत्र येतात का, की चौघं चार खोल्यांत फोन बघत बसतात? त्यानंतर दोन भिन्न स्वभावांच्या पात्रांना एकाच शेजाऱ्याशी तोच विषय काढायला लावा. उत्तरं, हावभाव आणि नात्याचा आकडा दोन्ही वेळेला सारखाच हलला, तर स्वभाव हा फक्त लेबल आहे असं समजा.

शेवटी दुसऱ्या कुटुंबात जा, तिथे एक दिवस काढा आणि परत या. तुमच्या गैरहजेरीत पहिल्या घरात काय झालं ते बघा. मनाने वागणाऱ्या पात्रांचा खेळ हवा असेल तर ही तपासणी अजिबात सोडू नका.

तापलेलं_कार्ड

स्वायत्ततेचा विषय निघालाच आहे तर: स्मार्ट झॉय नावाची सोय आहे, त्यात पात्रांचे विचार छोटं भाषा मॉडेल ठरवतं. ते मॉडेल तुमच्याच ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि त्यासाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड लागतं. म्हणजे जी व्हीरॅम आधीच अपुरी आहे तिच्यातूनच वाटा जाणार. त्या सोयीचे व्हिडिओ बघून निर्णय घेत असाल तर ते व्हिडिओ कुठल्या कार्डावर चालवले आहेत ते आधी वाचा.

थांबा_आणि_पाहा

परत करण्याच्या मुदतीबद्दल, कारण इथे पुष्कळांचे पैसे अडकतात.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. हा वेळ खेळ चालू असल्याचा मोजला जातो. पॉज केलेला खेळ, उघडा राहिलेला मेनू, जेवायला उठलात तो वेळ, सगळं धरलं जातं. पहिल्यांदा उघडताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होतात तो वेळही त्यातच. प्रोसेसर मंद असेल तर यातच बराच वेळ जातो.

पात्र घडवण्याचा भाग हाच या खेळातला सगळ्यात मोठा सापळा आहे. तो इतका भरलेला आणि इतका सुंदर आहे की नाकाच्या उंचीवर पाऊण तास जातो, आणि प्रत्यक्ष जगणं तपासायला वेळच उरत नाही. तयार पात्रं घ्या, कपडेसुद्धा बदलू नका. माझी वाटणी अशी: पहिली १५ मिनिटं सेटिंग आणि वर्दळीच्या चौकातला वेग. तिथेच नापास झाला तर पुढे जाऊच नका. मग ४० मिनिटं नकाशेवालींचं घर, ४५ मिनिटं वंशावळ यांचं कुटुंब. वीस मिनिटं हातात राखून बंद करा. डेस्कटॉपवर साधा टायमर लावा, खेळातल्या घड्याळावर विसंबू नका. आणि लॅपटॉपचा वेग तापल्यावर पुन्हा एकदा बघायचा तो कुटुंब चालू असतानाच, वेगळा वेळ काढून नाही.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी फुकटात होतात. स्टोअर पानावर अर्ली ॲक्सेसची प्रश्नोत्तरं असतात. तिथे पूर्ण आवृत्तीत काय येणार आणि किंमत बदलणार का हे खुद्द निर्मात्यांनी लिहिलेलं असतं. त्यात दिलेल्या आश्वासनांसाठी पैसे मोजू नका, आज जे चालतं त्यासाठीच मोजा. दुसरं, परीक्षणांना प्लेटाइमची गाळणी लावता येते. ५० तासांच्या वरची ठेवा, तारखा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या. नकारात्मक परीक्षणं आधी वाचा. ‘खूप सुंदर पण दहा तासांनंतर करण्यासारखं उरलं नाही’ हा सूर वारंवार दिसला तर तो तुमच्या पिढ्यांच्या खेळाबद्दल आहे. ‘नोकऱ्या उथळ आहेत’ ही तक्रार तुम्हाला लागू नाही, ती सोडून द्या.

नकाशेवाली

थोडी असहमती. पंधरा मिनिटांत वेग ठीक वाटला तरी पूर्ण सजवलेल्या घरात तो कोसळू शकतो. प्रत्येक वस्तूला वेगळा पोत दिला की तेवढी टेक्स्चर जास्त चढतात. घर बांधून झाल्यावर सगळे दिवे लावून आत एक फेरी मारा.

चौसोपी

डेडिकेटेड मेमरी बघितली, ४ जीबीच आहे. म्हणजे या लॅपटॉपवर नाही. मग तोपर्यंत सिम्स ४ मध्येच बांधकाम थोडं मोकळं आणि न खेळलेली कुटुंबं थोडी जिवंत करता येतील का?

वंशावळ

येतील. शेजारपाजारच्या घडामोडींची सोय मूळ खेळातच आहे, नेबरहूड स्टोरीज नावाची. मॅनेज हाउसहोल्ड्समध्ये जाऊन प्रत्येक कुटुंबाला वेगळी सेटिंग देता येते: लग्न होऊ दे, मूल होऊ दे, नोकरी बदलू दे, गाव सोडू नको. मुख्य घराण्याच्या भावकीला स्थलांतर बंद आणि जन्म चालू ठेवा, म्हणजे चुलत फांद्या तुमच्या हाताशिवाय वाढतात. याहून बारीक ताबा हवा असेल तर एमसी कमांड सेंटर हा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोडणी).

नकाशेवाली

बांधकामात मूव्हऑब्जेक्ट्स चीट (खेळाचं बंधन सोडवणारी टाइप करायची आज्ञा) चालू करा. वस्तू हातात असताना ऑल्ट दाबून धरलं की चौकटीचं बंधन सुटतं, ९ ने ती वर जाते, ० ने खाली, चौकोनी कंसांनी लहानमोठी होते. रंगांची उणीव याने भरून निघत नाही, पण आकारांची पुष्कळशी निघते. उदाहरणार्थ, छोटे केलेले खांब एकावर एक रचून हवा तो कठडा बनतो. फक्त दारासमोर आणि जिन्याच्या पायथ्याशी एक पूर्ण चौकट रिकामी ठेवा. वस्तू नजरेला लहान केली तरी तिने अडवलेली जागा तितकी कमी होईलच असं नाही, आणि पात्रं तिथे अडकतात.

थांबा_आणि_पाहा

मॉड टाकणार असाल तर स्क्रिप्ट असलेली फाइल मॉड्स फोल्डरमध्ये एका उपफोल्डरपेक्षा खोल ठेवू नका, खेळ ती वाचत नाही. खेळाच्या प्रत्येक पॅचनंतर (अपडेटनंतर) मॉड आपोआप बंद होतात. चालू करण्याआधी सेव्ह फोल्डरची प्रत काढा आणि मॉडची नवी आवृत्ती आली आहे का ते बघा. काही बिघडलंच तर अर्धे मॉड बाहेर काढून खेळ उघडा. बिघाड गेला तर दोषी फाइल बाहेर काढलेल्यांत आहे, राहिला तर आतल्यांत. दोषी असलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करत जा. दर वेळी लोकलथंबकॅश ही फाइल पुसा, नाहीतर काढून टाकलेल्या मॉडचे अवशेष दिसत राहतात.