पुरात भिजलेल्या एलपी परत लावल्या, आवाज खरंच भारी आहे की मला भास होतोय?

गावभागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे पण आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि अण्णांच्या, म्हणजे वडलांच्या, सगळ्या रेकॉर्ड कपाटाच्या तळातल्या कप्प्यात. पाणी उतरल्यावर बघतोय तर कव्हरांचा नुसता लगदा, आतल्या तबकड्या मात्र चिखलानं बरबटलेल्या पण सरळसोट. तेव्हा कुणाला काही सुचत नव्हतं, आईनं नळाखाली धरून वरवरचा चिखल काढला, जुन्या साडीत बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. ते गाठोडं यंदा दिवाळीच्या झाडलोटीत खाली आलं. तीसेक एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, बऱ्याच छोट्या ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, आणि आजोबांच्या वेळच्या सात-आठ जड ७८ च्या.

प्लेअर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचलाय, सूटकेससारखा उघडायचा, स्पीकर त्यातच. सहज एक ख्यालाची एलपी लावली. खरखर आहे, चुरचुर आहे, सगळं आहे, पण राव तबला असा की माणूस समोर सतरंजीवर बसलाय! मग तेच रेकॉर्डिंग मोबाईलवर ॲपमध्ये शोधून लावलं तर सगळं इस्त्री मारल्यासारखं, गवई, तबला, पेटी एकाच रांगेत उभे. बायको म्हणाली तुला जुनं ते सोनं वाटायला लागलंय, वय झालं तुझं.

आता पुढचा घोटाळा. जोर चढला म्हणून मित्राचा नवा टर्नटेबल आणला, होम थिएटरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज घ्यायच्या भोकात, पिन खुपसली, तर आवाज डालड्याच्या डब्यातून आल्यासारखा. खर्ज नाहीच, आणि व्हॉल्यूम फुल्ल केला तर नुसती हुंऽऽऽ. म्हणजे जुना डबडा प्लेअर भारी आणि नवा महागडा बेकार, असं कसं? आणि ७८ ची एक लावून बघितली तर तळण चाललंय असा आवाज, गाणं कुठंतरी लांब. कुणी जाणकार असेल तर सांगा, आधी साफ कशा करायच्या इथपासून सांगा.

विश्रामबाग_साउंड

भावा, मी लाईव्ह साउंड करतो, गणपतीत आणि नाटकांना, त्यामुळं थोडं खडूस उत्तर देतो, राग मानू नको.

आधी नव्या टर्नटेबलचं, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. त्यात मॅग्नेटची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो तुकडा, असणार, तिच्यातून ४-५ मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल निघतो, आणि तुझ्या ऑक्सला लागतात शेकड्यांनी. दुसरं असं की एलपी कापतानाच खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे बारीक सूर चढवतात, कारण खर्ज आहे तसा कापला तर सुई जिच्यातून जाते ती खाच एवढी रुंद नागमोडी होईल की एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणारच नाहीत, आणि वरचे सूर चढवले की ऐकताना ते खाली आणायचे म्हणजे त्यांच्याबरोबर खाचेची खसखस पण दबते. हे उलटं करायचं गणित १९५० च्या दशकात ठरलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात, आणि ते करणारी डबी म्हणजे फोनो प्रीॲम्प. तू ती डबी न लावताच ऐकलंस, म्हणून डालडा. काही टर्नटेबलला मागं फोनो आणि लाईन असा छोटा खटका असतो, आधी तो बघ, बहुतेक फोनोवर असेल, लाईनवर ढकल. नसेल तर डबी आण. हुं येतोय त्याचं अजून एक कारण, टर्नटेबलमागं एक सुटी बारीक वायर लोंबत असेल, ती अर्थिंगची, ॲम्प किंवा डबीच्या स्क्रूला आवळायची.

अण्णांच्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असणार. ती स्वतःच भरपूर व्होल्टेज देते आणि खर्ज बऱ्यापैकी भरून काढते, म्हणून तो काही न जोडता वाजतो. तो भारी नाही, फक्त जोडणी बरोबर आहे.

आता भास की खरं. कागदावर सीडी जिंकते, तिथं वाद नाही. १६ बिटची सीडी ९६ डेसिबलपर्यंत हळू-मोठ्याचा फरक पकडते, एलपी ६०-७० मध्ये आटोपते. शिवाय एलपी आत आत जाईल तसा आवाज खराब होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१, म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात ते त्यामुळं.

मग तुला तबला समोर का वाटला? तर तू बहुतेक दोन वेगळे मास्टर, म्हणजे एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या तयार केलेल्या मूळ प्रती, ऐकलेस. जुनी रेकॉर्डिंग परत काढताना बरेचदा हळू आवाज वर ओढतात आणि मोठा छाटतात, म्हणजे बसमध्ये इअरफोनवर पण सगळं ऐकू यावं. त्यात तबल्याची थाप आणि गवयाची कुजबुज एका उंचीची होते. तुझ्या एलपीत ती थाप छाटलेली नाही, एवढंच. म्हणजे वहिनी अर्ध्या बरोबर आहेत, विनाईलमध्ये जादू बिदू काही नाही, पण तुला ऐकू आलं ते खोटं नाही. आणि एकाकडं झाकणातला स्पीकर, दुसरीकडं मोबाईलचा चण्याएवढा स्पीकर, ही काय तुलना झाली का? तोच मोबाईल होम थिएटरला लावून परत ऐक आणि मग इथं लिही.

मिरजेचा_रेडिओवाला

विश्रामबागवाले बरोबर बोलतायत पण सुईचं बोलले नाहीत, आणि निम्मं दुखणं सुईत असतं. मी चाळीस वर्षं रेडिओ, फोनो, टेप दुरुस्त केले, आता दुकान पोरग्याकडं, तो मोबाईल करतो.

गावभागकर, तुमच्या सूटकेस प्लेअरच्या सुईच्या हाताला पुढं बारीक दांडी आहे का बघा, फिरवली की सुई पालथी होते. एका अंगाला एलपीची सुई, दुसऱ्या अंगाला ७८ ची. ७८ ची खाच रुंद, तिला सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉनचं लागतं, एलपीचं असतं २५ किंवा त्याहून कमी. तुम्ही एलपीच्या अंगानं ७८ लावली असणार, म्हणजे सुई खाचेच्या भिंतींना न टेकता तळातल्या कचऱ्यात फरफटत गेली. तेच तुमचं तळण. उलटं मात्र कधी करू नका, ७८ ची सुई एलपीवर टाकली तर एलपी गेली.

आणि आहे त्या सुईनं आता एकही चांगली एलपी लावू नका. ती किती चालली कुणाला ठाऊक. गोल टोक घासून छिन्नी होते आणि मग ती वाजवत नाही, रंधा मारते. जुन्या हातांचं वजन पण ५-६ ग्रॅम, नवे टर्नटेबल दोनच्या आसपास चालतात. माईकसेटवाल्यांच्या ४५ च्या रेकॉर्ड बघितल्यात का कधी? लग्नाच्या मांडवात एकच गाणं सकाळपासून पन्नास वेळा, सुई बदलायची कुणी, उजेडात धरली की काळ्या तबकडीवर राखाडी पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे गेलेलं गाणं, धुऊन येत नाही. तुमच्या ४५ मध्ये तसल्या असतील तर जुन्या प्लेअरला त्याच ठेवा, पोरांना खेळायला.

धुण्याचं. पुराचा गाळ म्हणजे बारीक वाळू, कोरडा घासला की ओरखडे. आधी नुसत्या वाहत्या पाण्यात धरा, हात लावू नका. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एका तसराळ्यात, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल गोल, आडवा नाही. लेबल भिजू देऊ नका, मी दोन्ही अंगांनी झाकणं दाबून धरायचो. शेवटी परत स्वच्छ डिस्टिल्डनं, नळाचं नको, आपल्याकडच्या पाण्याचा क्षार खाचेत बसतो. उभ्या वाळवा, उन्हात नाही. ७८ च्या मात्र भिजत घालू नका, ओलं फडकं आणि लगेच कोरडं.

वेग पण तपासा. रबराचं चाक वाळलं की फिरणं बदलतं. सहा टक्के जोरात फिरली तर गाणं अर्ध्या सुरानं चढतं, आमच्याकडं मिरजेत तंबोरा लावणारा माणूस लगेच कान टवकारतो. एकानं माझ्याकडं किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ आणली होती, म्हणाला प्लेअर चढा वाजतोय. मी म्हटलं खाँसाहेब मुळात चढ्या पट्टीतच गायचे, तुझा प्लेअर ठीक असेल. तरी स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायची रेघांची, चकती टाकून ट्यूबलाईटखाली बघितलं, तर खरंच थोडी चढी होती. दोघंही बरोबर. (स्ट्रोबला जुनी ट्यूबच लागते, बऱ्याच एलईडीखाली रेघा थांबत नाहीत.) त्या ७८ ची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची हो. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात रात्र रात्र चालणारं गाणं खाँसाहेबांनी तेवढ्यात बसवलंय, आणि अपुरं वाटत नाही.

ॲडमिन_नाही_मी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा यूट्यूब लावा की राव, फुकट आहे. सुई, डबी, डिस्टिल्ड वॉटर, गाणं ऐकायचंय की ऑपरेशन करायचंय 😀

मिरजेचा_रेडिओवाला

बाळा, भडंग पुडीतलं पण मिळतं, घरी करणारी माणसं पण आहेत. जेव तू.

साताऱ्याची_मीरा

काकांनी ७८ भिजवू नका म्हटलंय त्यात माझी भर घाला, स्पिरिट तर अजिबात नको. माझ्याकडं आजीच्या माहेरच्या चार ७८ होत्या. लॉकडाऊनमध्ये रिकामा वेळ, बुरशी आलेली, आमच्याकडं साताऱ्यात पावसाळ्यात भिंतीला पण येते, म्हटलं सॅनिटायझरनं पुसू, जंतू मरतील. कापूस काळा काळा व्हायला लागला, मला वाटलं काय घाण निघतेय! पुसत गेले. घाण नव्हती ती, रेकॉर्डच होती. या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सुतार लाख पॉलिश स्पिरिटमध्येच करतो हे मला लहानपणापासून माहिती, पण डोक्यात आलं नाही. जिथं पुसलं तिथं चकाकी गेली आणि आता त्या जागी नुसता फस्स आवाज येतो, मधेच आजीचं गाणं बुडतं आणि परत वर येतं. विनाईलच्या एलपीला पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, ७८ ला थेंबभर पण नाही.

आणि ठेवताना उभ्या ठेवा दादा, एकावर एक आडव्या नको. गाडीत तर विसरूच नका. पोवई नाक्याला कंदी पेढे घ्यायला थांबले, मेच्या उन्हात, मागच्या काचेखाली एक एलपी होती, परत आले तर तिचा पापड.

गावभागकर

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण सुई यायला वेळ लागला.

मागं खटका होता! फोनोवर होता. लाईनवर ढकलला आणि डालडा गेला, एवढ्यासाठी मी मित्राला नको नको ते बोललो होतो. अर्थिंगची वायर पण लोंबतच होती.

धुवायला दोन रविवार गेले. काकांनी सांगितलं तसंच, फक्त लेबलवर मी स्टीलच्या वाट्या धरल्या आणि आईनं त्या वाट्या परत स्वयंपाकघरात घ्यायला नकार दिला. तसराळ्याच्या तळाला पहिल्या दिवशी बोटभर गाळ बसला, लालसर, कृष्णेचाच. तीसपैकी २२ बऱ्या वाजतात, चार वाकल्यात, बाकीच्यांत ओरखडे खोल आहेत, सुई अडकून एकच तान परत परत. कव्हर नसल्यानं कुठली कुणाची ते लेबलवरून बघायचं, दोन लेबलं पण गेलीत, त्या आता गाणं लागल्यावरच कळतात.

साउंडवाले दादा, तुमची परीक्षा पण केली. मोबाईल आणि एलपी दोन्ही त्याच होम थिएटरवर, आवाज सारखा करून, अण्णांना डोळे मिटायला लावून. मोबाईल पहिल्यापेक्षा खूपच बरा वाटला, कबूल, माझा निम्मा गर्व तिथंच उतरला. चुरचुर येते त्यामुळं अण्णांना कुठलं काय ते लगेच कळत होतंच, म्हणजे परीक्षा तशी फसलीच. पण एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. गवई समेवर येऊन थांबतो, पुढची ओळ घ्यायच्या आधी दोन-तीन सेकंद मोकळे आहेत, एलपीवर त्या मोकळ्या जागेत तंबोरा मागं नुसता झणझणत राहतो, हळू, आणि मोबाईलवर त्याच जागी तो एकदम वर येतो, कुणीतरी बटण फिरवल्यासारखा. दोनदा लावून बघितलं, मला पण ऐकू आलं. बायकोला पण आलं, ती फक्त म्हणाली बरं.

७८ ची दांडी सापडली, गंजून बसली होती, थेंबभर मशीनचं तेल घालून फिरली. त्या अंगाची सुई पण नवी लागेल. काका, तोवर नाही लावत. तुम्ही असता का दुकानात कधी? वाकलेल्या चार दाखवायच्या होत्या, आणि त्या बिनलेबलच्या दोन पण, तुम्ही कदाचित आवाजावरून ओळखाल.

मिरजेचा_रेडिओवाला

संध्याकाळी पाचनंतर असतो. वाकलेल्या नुसत्या आणू नका, दोन सपाट फळ्यांत धरून आणा. बिनलेबलच्या आधी काढू.