अमॉक्सिसिलिनच्या गोळीत क्लॅव्युलॅनिक आम्ल कशासाठी?

प्रश्न : वडिलांना दिलेल्या गोळीत अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्युलॅनिक आम्लही आहे. हे दुसरे द्रव्य स्वतः जंतूंना फारसे मारत नाही, असे वाचले. मग ते घालण्याचे प्रयोजन काय?

उत्तर १ : अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले औषध आहे. जीवाणूची पेशीभित्तिका विणणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) ते चिकटून बसते, त्यामुळे भित्तिकेतील आडवे टाके पडत नाहीत आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसल्याने त्या बचावतात. मात्र अनेक जीवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर तयार करून औषधाच्या रेणूतील चौकोनी कडेच तोडतात. असे विकर असल्याची नोंद अब्राहम आणि चेन या संशोधकांनी १९४० सालीच, म्हणजे पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच, केली होती! क्लॅव्युलॅनिक आम्लाची रचना औषधासारखीच असल्याने विकर त्याच्यावर झडप घालते आणि कायमचे निकामी होते.

उत्तर २ : वरील खुलाशात एक भर घालतो. ही युक्ती सर्वत्र चालत नाही. मेथिसिलिन या पेनिसिलिनच्याच कुळातल्या औषधाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू, ज्याची नोंद इंग्लंडमध्ये १९६१ साली झाली, तो औषध तोडण्यावर विसंबून नसतो. मेक-ए या जनुकामुळे तो भित्तिका विणणारे असे वेगळे विकर बनवतो, की ज्याला ही औषधे नीट चिकटतच नाहीत. तिथे क्लॅव्युलॅनिक आम्ल काय करणार?

प्रश्नकर्ता : आभारी आहे. म्हणजे ते मारेकरी नसून ढाल आहे.

उत्तर १ : ढालीपेक्षा आमिष म्हणणे अधिक नेमके ठरेल.