राइझर आणि ट्रेड : दोन्हींना 'पायरी'च म्हणायचं का?

शब्दखूण : घरबांधणीच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण करतेय. त्यात एक वाक्य आहे : जिन्याच्या एका टप्प्यात राइझर नऊ असतील तर ट्रेड आठच येतात. दोन्हीकडे 'पायरी' लिहिलं तर 'पायऱ्या नऊ असतील तर पायऱ्या आठच' असं होतं. पायरीचा उभा भाग (राइझर) आणि पाय ठेवायचा आडवा भाग (ट्रेड) यांना वेगळे शब्द सुचवा. नोजिंग (पायरीची पुढे आलेली कड), लँडिंग (दोन टप्प्यांमधली सपाट जागा), हँडरेल हेही अडलंय.

ओळंबा : साइटवर गवंडीसुद्धा राइझर-ट्रेडच म्हणतो. तेच ठेवा. 'पायरीची उंची' चालेल, पण 'पायरीची रुंदी' नको. जिन्याची रुंदी म्हणजे भिंतीपासून कठड्यापर्यंतचं अंतर, त्यात घोळ होणारच.

मोडीवाचक : साइटवर म्हणतात म्हणून पुस्तकातही तेच, हे पटत नाही. उभ्या भागाला 'उभार', आडव्याला 'पाऊलपट्टी' म्हणा. दोन्ही ऐकताक्षणी कळतात. जिना हा शब्दही फारसी. सोपान असताना तो का धरून ठेवायचा?

रंधा : 'सोपान बांधायचाय' असं मिस्त्रीला सांगून बघा. जिना कित्येक पिढ्या मराठी आहे. आणि लाकडी जिन्यात राइझर असतोच असं नाही. दोन्ही बाजूंच्या तिरप्या फळ्यांना खाचा पाडून त्यांत पायऱ्यांच्या फळ्या बसवतात, मधली जागा मोकळी. तिथे 'उभार' कशाला म्हणणार?

ओळंबा : शब्द कुठलाही घ्या, मोजणी कुणाची ते लिहा. दोन मजल्यांतलं अंतर 3150 मिमी, राइझर 18, म्हणजे प्रत्येकी 175. डॉगलेग जिन्यात, म्हणजे मधल्या लँडिंगवरून उलट वळणाऱ्या जिन्यात, नऊ-नऊचे दोन टप्पे, ट्रेड आठ-आठ, कारण नववा राइझर लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावर संपतो. ग्रॅनाइट मागवताना उभे तुकडे 18, आडवे 16. नुसतं '18 पायऱ्या' लिहिलं की दोन आडवे तुकडे जास्त येतात.

याहून मोठी चूक उंचीत होते. गवंडी सगळे राइझर काँक्रीटमध्ये 175 चे ओततो. मग दोन्ही मजल्यांवर फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून 75 मिमी चढतात, पायऱ्यांवर मात्र 40 च. तळाचा राइझर 140 होतो आणि सगळ्यात वरचा 210. मधल्या पायऱ्यांना सरावलेला पाय नेमका तिथे अडखळतो. म्हणून काँक्रीटमध्ये तळाचा 210 आणि वरचा 140 धरायचा, म्हणजे फरशीनंतर सगळे 175 होतात. पुस्तिकेत 'तयार उंची' (फरशीनंतरची) आणि 'कच्ची उंची' (काँक्रीटची) हे दोन शब्द हवेतच. ते राइझरच्या मराठीपेक्षा जास्त गरजेचे आहेत.

मोडीवाचक : म्हणजे दोन चांगले मराठी शब्द तुम्हीच दिलेत!

शब्दखूण : घेतले. नोजिंगचं काय?

रंधा : 'पायरीचं नाक' म्हणा, सरळ कळतं. पण ट्रेडमध्ये नाक धरलंय का, ते स्पष्ट करा. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याला ट्रेड किमान 250 आणि राइझर जास्तीत जास्त 190 आहे, आणि ते 250 नाक सोडून. नाक 20-25 मिमी पुरे. जास्त काढलं की चढताना बोटं अडकतात आणि दगडाची कड उडते. चढायला सोपं पडतं का ते बघायला : दोन राइझर अधिक एक ट्रेड साधारण 600 ते 640. वरच्या उदाहरणात ट्रेड 250 धरला तर 350 + 250 = 600, बसतं.

गाभारा : दादर कुणी आठवलाच नाही. वाड्यातला अरुंद, उभा लाकडी जिना म्हणजे दादर. वरचं तोंड झाकायला फळ्यांचं आडवं दार असे. मुंबईतलं दादर त्यावरूनच.

मोडीवाचक : त्यावरूनच, हे इतकं ठाम नको. ओढ्यावरच्या लहान पुलालाही दादर म्हणत. गावाचं नाव पुलावरून पडलं असं मला जास्त पटतं.

गाभारा : पूल काय आणि जिना काय, दोन जागा जोडणारंच ना ते? अर्थ एकाच मुळातून फुटलेत.

रंधा : असं म्हटलं तर शिडीही दादर ठरेल. शिडी उचलून नेता येते, दादर जागचा हलत नाही. फरक तिथे आहे.

शब्दखूण : हँडरेल राहिलं. 'कठडा' लिहू?

ओळंबा : कठडा म्हणजे सगळंच : उभे गज, कोपऱ्याचा खांब, वरची दांडी. हँडरेल ही फक्त वरची दांडी, पायरीपासून साधारण 900 मिमी उंच. हिशेब वेगळे होतात : दांडी धावत्या मीटरवर, गज नगावर.

गाभारा : उभ्या गजांना 'गराद' म्हणा ना. पोर्तुगीज 'ग्रादे'वरून आलाय, कोकणात कळतो.

मोडीवाचक : जिना फारसी म्हणून नको, मग गराद पोर्तुगीज असून कसा चालेल?

रंधा : जिना नको असं इथे फक्त तुम्हीच म्हणालात.

गाभारा : आणि गराद म्हणजे एक गज की गजांची अख्खी ओळ? आधी ते ठरवू या.